कॉन म्हणजे विश्वास

मी बी. ए. झालो, त्यात इंग्रजीचे पेपरही दिले. पण ‘कॉन’ हा शब्द मला पन्नाशीनंतर माझ्या मुलीने शिकवला. टीव्हीवर इंग्रजी सिनेमा चालू होता. “अब्बा, हा कॉन मॅन आहे,” ती म्हणाली. “म्हणजे?” “लोकांना टोपी घालणारा!”

मी शब्दकोश काढला. ‘कॉन’ हे ‘कॉन्फिडन्स’चं तोडलेलं रूप निघालं. कॉन्फिडन्स म्हणजे विश्वास. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला गेला. नीटनेटके कपडे घालून तो रस्त्यात एखाद्या सद्गृहस्थाला गाठायचा, जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा मारायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर? लोक भिडेखातर घड्याळ काढून देत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. १८५७ मध्ये हर्मन मेलव्हिलने याच नावाची कादंबरी लिहिली.

आता आपले शब्द पाहा. टोपी घातली, शेंडी लावली, चुना लावला. सगळं फसलेल्याच्याच अंगावर! हसू होतं ते त्याचंच. फसवणाऱ्याला नाव ठेवणारा ‘चारसोबीस’ आपल्याला दंडविधानाने दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ झालं, तरी बोलण्यातला चारसोबीस तसाच आहे.

१९९८ साली माझ्या अम्मीने हजसाठी साठवलेले पैसे एका ओळखीच्या माणसाच्या हाती दिले. तो घरी यायचा, चहा प्यायचा, तिला अम्मीच म्हणायचा. एके दिवशी गाव सोडून गेला. अम्मीने चार महिने आम्हाला काही सांगितलं नाही. कळलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “टोपी घातली की तुला त्याने!” ती खाली बघत राहिली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

अम्मी आज नाही. तिचे पैसे गेले, पण त्याआधी तिचा विश्वास चोरीला गेला होता, हे मला ‘कॉन’ या शब्दाने दाखवलं. खरं तर त्यासाठी इंग्रजीची गरज नव्हती. मराठीत ‘विश्वासघात’ होताच. तो मी कवितेत वापरला, अम्मीसाठी वापरला नाही.

आज फोनवर पोलिस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतात. अशी अटक कायद्यात नाहीच. तरीही घरातलं कुणी फसलं, तर आधी हसू नका. हसलात की माणूस गप्प बसतो, आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात. त्याच्या शेजारी बसा आणि लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.