इंधनतेलाची साठवण आणि विहिरीचे पाणी
धाराशिव जिल्ह्याच्या भूस्तरांच्या संदर्भात एक विवेचन

शीत कटिबंधातील देशांत घरे व कचेऱ्या उबदार ठेवण्यासाठी तेल साठवून ठेवावे लागते. आपल्याकडे ती गरज नाही. तथापि उष्णतेसाठी तेल जाळण्याचे प्रसंग येथेही आहेत. रस्त्याच्या कामाची खडी डांबर मिसळण्यापूर्वी तापवून वाळवावी लागते, लहान कारखान्यांतील बाष्पके चालवावी लागतात, वीज गेली असता जनित्रे सुरू ठेवावी लागतात. या कामांसाठी भट्टीतेल, हलके डिझेल तेल किंवा साधे डिझेल टाकीत अथवा २०० लिटरच्या पिंपांत साठविले जाते. आगीचे भय सर्वांस ठाऊक असते. जमिनीत मुरणाऱ्या तेलाचे भय मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या भयाचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम भूमीची रचना पाहू. धाराशिव जिल्हा दख्खनच्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली भेगाळ कातळ असा क्रम पुष्कळ ठिकाणी आढळतो. विहिरींचे पाणी मुख्यतः मुरमात आणि कातळाच्या भेगांत असते. काळी माती ओली असता पाण्याला अडविते. परंतु उन्हाळ्यात ती आकसते व तिला खोल भेगा पडतात. अशा वेळी सांडलेले तेल भेगांवाटे थेट मुरमापर्यंत पोहोचू शकते. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते भूजलाच्या पृष्ठावर तरंगते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली म्हणजे तेलही तिच्यासमवेत खाली जाते, आणि पावसाळ्यात पातळी चढली म्हणजे त्याचा काही अंश खडकाच्या रंध्रांत अडकून राहतो. तेथून तो वर्षानुवर्षे थोडाथोडा पाण्यात उतरत राहतो. विहीर उपसून हा दोष जात नाही, याचे कारण हेच होय.

अल्प तेलाने किती पाणी बिघडते, याचा हिशेब उद्बोधक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार खनिज तेलाचे प्रमाण लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८५० ग्रॅम, म्हणजे ८,५०,००० मिलिग्रॅम. ते सर्व पाण्यात मिसळले असे क्षणभर मानले, तर १७ लक्ष लिटर पाणी मर्यादेच्या टोकाला जाईल. प्रत्यक्षात सर्व तेल मिसळत नाही, हे खरे. पण गळती एका लिटरवर थांबते असेही नाही. तोटीतून सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सुमारे २.९ लिटर व महिन्याला ८६ लिटर तेल जाते. टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी खाजगी विहिरी व विंधन विहिरी अधिग्रहित कराव्या लागतात, अशा या जिल्ह्यात एक विहीर निकामी होणे ही क्षुल्लक हानी नव्हे.

यावरील उपाय सोपा आहे: टाकीभोवती तेल झिरपू न देणारा बांध घालणे. इंग्लंडमध्ये २००१ च्या नियमांनी असे बंधन घातले की, एका टाकीच्या बांधात तिच्या क्षमतेच्या ११० टक्के तेल मावले पाहिजे. आपल्याकडील परिस्थितीत हे माप कसे लागू पडते ते पाहू. १०,००० लिटरच्या टाकीस ११,००० लिटरचा बांध हवा. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर व उंची ५५ सेंटिमीटर ठेवली असता तो बरोबर होतो. परंतु या २० चौरस मीटर क्षेत्रावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी साचते, म्हणजे राखून ठेवलेली सर्व जागा एका मोठ्या सरीने भरते. म्हणून वर छप्पर घालावे किंवा बांध अधिक उंच करावा. पाणी काढण्यासाठी भिंतीस भोक पाडू नये. उघडी राहिलेली तोटी बांध निरर्थक करते. पाणी तळातून पंपाने उपसावे आणि तेलाचा थर जवळ येताच थांबावे.

बांधाचा पाया काळ्या मातीवर घेऊ नये. ती फुगते व आकसते, त्यामुळे काँक्रीटला तडे जातात. माती काढून मुरमावर पाया घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा अनुभव असलेल्या या भागात टाकीचे आधार भक्कम व नळाचे सांधे लवचिक असणेही अगत्याचे आहे. भरण्याची तोंडे, तोट्या आणि पातळीदर्शक नळी ही सर्व बांधाच्या आतच असावीत, कारण गळती बहुधा तेथेच होते.

कायद्याच्या दृष्टीने, १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार ‘ब’ वर्गातील तेल एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत, कोणतेही पात्र १,००० लिटरहून मोठे नसल्यास, परवान्यावाचून ठेवता येते. डिझेल याच वर्गात मोडते. परंतु परवाना लागत नाही, याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाने विहिरीत किंवा जमिनीवर प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई केली आहे, आणि तेथे साठ्याचा आकार विचारात घेतला जात नाही. सारांश, मोठ्या टाकीवर परवान्याच्या निमित्ताने तरी कोणाचे लक्ष असते. कोपऱ्यातील चार पिंपांखाली मात्र पत्र्याचे तसराळेही नसते. भूजलाच्या अभ्यासकांनी विहिरींची पाहणी करताना नजीकच्या तेलसाठ्यांची नोंद ठेवली, तर पाणी बिघडण्यापूर्वीच धोका दाखविता येईल.