कार्यस्थळावरील पक्षपाताची जाणीव आणि कर्मचाऱ्यांचे स्वेच्छा कार्यवर्तन : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोणत्याही संस्थेचे कामकाज केवळ नेमून दिलेल्या कर्तव्यांवर चालत नाही. नव्या सहकाऱ्यास काम समजावून देणे, अनुपस्थिताची जबाबदारी सांभाळणे, वेळेनंतर थांबून नोंदी पूर्ण करणे या बाबी सेवानियमांत नसतात. डेनिस ऑर्गन यांनी 1988 च्या ग्रंथात अशा वर्तनाची 'संघटनात्मक नागरिकत्व वर्तन' म्हणून सविस्तर मांडणी केली.

पक्षपाताची जाणीव व प्रेरणा :
जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांच्या समन्याय सिद्धांतानुसार (1963) व्यक्ती आपले श्रम व मोबदला यांचे प्रमाण इतरांच्या प्रमाणाशी ताडून पाहते. विषमता जाणवल्यास ती आपले श्रम कमी करते. नेमून दिलेले काम टाळल्यास कारवाई होते. म्हणून प्रथम आटते ते स्वेच्छेने केलेले काम. येथे पक्षपात प्रत्यक्ष घडला किंवा नाही, यापेक्षा तो घडल्याची जाणीव निर्णायक ठरते. निकष गुप्त राहिल्यास योग्य निवडही वशिल्याची वाटते.

वऱ्हाडातील संदर्भ :
अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे मेळघाटातील तालुके दुर्गम आहेत. अमरावती वा अकोला शहरालगतची शाळा आणि मेळघाटातील शाळा यांतील अंतर केवळ किलोमीटरचे नाही. मुलांचे शिक्षण, दवाखाना व कुटुंबाचे स्थैर्य त्याच्याशी निगडित असते. त्यामुळे बदली हा पक्षपाताच्या शंकेचा सर्वांत संवेदनशील विषय ठरतो. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी 2005 च्या बदली अधिनियमाने सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पदावधी ठरविला. जिल्हा परिषद शिक्षकांसाठी 2017 च्या शासन निर्णयाने अवघड क्षेत्रातील तीन वर्षांच्या सेवेस बदलीचा अधिकार जोडला व संगणकीय प्रक्रिया आणली. निकष आधीच ज्ञात असल्यास प्रतिकूल निर्णयही स्वीकारणे सुलभ होते.

तथापि दैनंदिन कामवाटप, रजा, प्रशिक्षणासाठी निवड या बाबी वरिष्ठांच्या मर्जीवर राहू शकतात. गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात स्पष्ट केले. त्यामागेही पारदर्शकतेचेच तत्त्व आहे.

निष्कर्ष :
1. पक्षपाताच्या जाणिवेचा पहिला आघात स्वेच्छा कार्यवर्तनावर होतो. हजेरीपटावर तो दिसत नाही.
2. ही हानी विद्यार्थी, शेतकरी, रुग्ण अशा सेवा घेणाऱ्यांना सोसावी लागते.
3. निकष जाहीर करणे, निर्णयाची कारणे देणे व दाद मागण्याची सोय ठेवणे हे कमी खर्चाचे उपाय होत.