चालणे वाढले, मग पोट का हटत नाही?



शेतकी मेळाव्यात लागणीच्या आणि तोडीच्या गोष्टी संपल्या की अलीकडे एक नवाच प्रश्न निघतो. "साहेब, पहाटे कालव्याच्या भरावावरून रोज चालतो. दोन-तीन किलो उतरले, पण आता काटा जागचा हालत नाही. पोट आहे तेवढेच." म्हणून या अंकात उसाच्या खुराकाबरोबर माणसाच्या खुराकाचाही विचार करू.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. पुढे कालव्याचे पाणी आले, जिल्ह्यात ऊस वाढला. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली. पूर्वी दारे धरायला रात्रभर चिखलात उभे राहावे लागे, आता ठिबकचा कॉक फिरवला की झाले. बांधापर्यंत मोटारसायकल जाते. अंगमेहनत घटली, पण ताट तेवढेच राहिले. उलट वर चहा, बिस्किटे आणि फरसाण वाढले.

आता साधा हिशेब करू. एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजेच २० कॅलरी. गट ऑफिस, सोसायटी, पाहुणेरावळे धरून दिवसाकाठी सहा कप चहा सहज होतो. कपाला दोन चमचे धरले तर ६० ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी झाल्या. आणि पाऊण तास भरभर चालले तर मध्यम वजनाच्या माणसाच्या खर्ची पडतात साधारण २०० ते २५० कॅलरी. म्हणजे पहाटेचे सगळे चालणे चहातच बुडाले! कारखान्याच्या काट्यावर किलोकिलोचा हिशेब मागणारे आपण, हा हिशेब मात्र कधी मांडत नाही.

दुसरे कारण असे, की वजन थोडे उतरले की हलक्या शरीराला इंधन कमी लागते. शिवाय व्यायामाने भूक वाढते, आणि "आज चाललोय की" म्हणून एक भजी जास्त जाते. तिथेच काटा अडतो. नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी उतरवता येत नाही. ती एकूण खाणे आटोक्यात आले की हळूहळू उतरते.

उसाला नुसता युरिया देत राहिले तर ऊस माजतो, लोळतो आणि उतारा घटतो, हे आपणांस ठाऊक आहे. शरीराचेही तसेच आहे. खुराक समतोल पाहिजे. त्यासाठी काही महागडे आणायला नको. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती भाकरी ताटात असू द्या, पण तीनच्या जागी दीड-दोन करा आणि मोकळी झालेली जागा मटकी, हुलगे, तुरीचे वरण, अंडी, पालेभाजी, काकडी यांनी भरा. डाळी-अंड्यांतील प्रथिनांनी पोट लवकर भरते आणि स्नायू टिकतात. शेंगाचटणी सोडू नका, पण वर ओतायचे तेल चमच्याने मोजा. एका ग्रॅम साखरेत ४ कॅलरी असतात, तेलात ९. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा सूर्यनमस्कार किंवा उठाबशाही घाला.

लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन, दोन वेळाच जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे असा क्रम महाराष्ट्रात घरोघर पोहोचवला. त्यातही दोन जेवणांच्या मध्ये गोड चहाला जागा नाही, हे ध्यानात घ्यावे. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम उतरून चक्कर येते, जिवावरही बेतते.

कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्याच पत्रिकेत साखर कमी खा म्हणता? होय, म्हणतो. सभासदाने चहातली साखर निम्मी केली म्हणून आपले गाळप घटत नाही. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि वाढलेले पोट ही त्याची वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, ५ टक्क्यांच्या आत आणली तर अधिक बरे. ही ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच चमचे. गूळ आणि रसवंतीचा रसही त्याच हिशेबात धरायचा, बरं का!

माती परीक्षणाशिवाय खत देऊ नका असे आम्ही नेहमी सांगतो. तसेच आज घरातल्या टेपने बेंबीपाशी कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा. आकडा कॅलेंडरवर लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. या कामी घरच्या भगिनींचे सहकार्य मोलाचे आहे. मात्र स्वयंपाक त्यांचा आणि पथ्य तुमचे असे न करता दोघांनीही मोजावे, दोघांनीही चालावे.