नियंत्रणाचा हट्ट आणि घरबसल्या मानसोपचार

कचेरीतील प्रत्येक टिपणी स्वतः पुन्हा लिहिल्याखेरीज वर न पाठविणारे अधिकारी, वर्गशिक्षकांनी भरलेले हजेरीपट रोज सायंकाळी स्वतः तपासल्यावाचून शाळेला कुलूप लावू न देणारे मुख्याध्यापक, उपसरपंचांनी घेतलेला साधा निर्णयही फिरविणारे सरपंच आणि मुलीने कोणत्या मैत्रिणीकडे जावे येथपासून भाजीत मीठ किती पडावे येथपर्यंत सर्व काही ठरविणारे कुटुंबप्रमुख : अशी माणसे गावोगावी आढळतात. समाज त्यांना बहुधा 'शिस्तीचे' व 'कर्तव्यदक्ष' म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या हाताखालचे कर्मचारी हळूहळू स्वतः विचार करणे सोडून हुकमाची वाट पाहू लागतात, घरातील मुले खरे बोलणे टाळू लागतात आणि त्या व्यक्तीला स्वतःला रात्री स्वस्थ झोप लागत नाही.

शिस्त आणि नियंत्रणाचा हट्ट या दोन भिन्न गोष्टी होत. हा हट्ट जडलेल्या माणसाला बोल लावण्यापेक्षा उपचाराची वाट दाखविणे अधिक हिताचे असते. ही वाट आता दूरध्वनी व संगणकाच्या पडद्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. ती कशी चोखाळावी व तज्ज्ञ कसा निवडावा, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

हट्टाचे मूळ भीतीत

नियंत्रणाच्या हट्टाला वरून अधिकाराचे रूप असले, तरी आत बहुधा भीती असते. काही चुकले तर काय होईल, लोक काय म्हणतील, आपल्यावाचून सारे कोसळेल, या शंकांचे काहूर मनात उठते. स्वतः तपासून पाहिले की ते काहूर घटकाभर शमते. शमल्यामुळे तपासण्याची सवय अधिक पक्की होते आणि दुसऱ्या दिवशी तीच शंका पुन्हा उभी राहते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहू शकते. बालपणी घरात अनिश्चितता वा कडक शिक्षा अनुभवलेल्या, अथवा अकस्मात मोठा आघात सोसलेल्या काही व्यक्तींमध्ये ही वृत्ती बळावलेली दिसते. तथापि प्रत्येकाचे कारण असेच असते असे नव्हे.

शिस्त कोठे संपते व हट्ट कोठे सुरू होतो, हे ओळखण्यास तीन प्रश्न उपयोगी पडतात. काम दुसऱ्यावर सोपविले असता मनाला केवळ खटकते, की अस्वस्थता असह्य होते? परिणाम चांगला झाला, परंतु तो स्वतःच्या पद्धतीने झाला नाही, तर समाधान वाटते की संताप येतो? आणि या स्वभावापायी झोप, प्रकृती, नातेसंबंध वा काम यांची हानी होत आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची वेळ आली आहे असे समजावे.

तज्ज्ञाची आवश्यकता आणखी एका कारणाने आहे. एकाच लक्षणामागे वेगवेगळी कारणे असू शकतात. कोणास चिंतेचा विकार असतो. कोणास मंत्रचळ असतो. त्यात मनाविरुद्ध घुसणाऱ्या विचारांमुळे तीच ती कृती पुनःपुन्हा करावी लागते आणि ती निरर्थक आहे हे रुग्णास बहुधा कळत असते. कोणाच्या व्यक्तिमत्त्वातच परिपूर्णतेचा हव्यास मुरलेला असतो आणि त्यास आपली पद्धत चुकीची वाटतच नाही. या प्रत्येकाचा उपचार सारखा नसतो. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वा सहकाऱ्यांनी परस्पर निदान करू नये.

'च' या अक्षराची करामत

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडण्यास आरंभ केला. महाराष्ट्रात या विचाराचा प्रसार करण्याचे कार्य मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी दीर्घकाळ केले. घटना माणसाला जितकी अस्वस्थ करते, त्याहून अधिक त्या घटनेविषयीचा त्याचा हट्टाग्रह करतो, हे या पद्धतीचे सूत्र होय. मराठी भाषेत हा हट्टाग्रह एका अक्षरात सामावतो. 'काम वेळेवर व्हावे' ही इच्छा झाली. 'काम वेळेवर झालेच पाहिजे' हा हट्ट झाला. 'मुलाने माझे ऐकावे' आणि 'मुलाने माझेच ऐकले पाहिजे' या दोन वाक्यांत अंतर एका 'च' चे आहे. परंतु पहिल्यातून संवाद निघतो, तर दुसऱ्यातून संताप.

स्वतःकडून, इतरांकडून व परिस्थितीकडून अशा तिन्ही बाजूंनी माणूस हे हट्टाग्रह धरतो, असे एलिस यांचे प्रतिपादन होते. समुपदेशक हे आग्रह एकेक करून उजेडात आणतो, ते वास्तवाला धरून आहेत काय हे तपासण्यास शिकवितो आणि हट्टाच्या जागी इच्छा ठेवण्याचा सराव करून घेतो. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीतही विचारांची अशीच पडताळणी केली जाते. या दोन्ही प्रवाहांतून वाढलेला बोधात्मक वर्तनोपचार आज चिंतेच्या विकारांवर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तो मुख्यतः संभाषण, लेखन व गृहपाठ यांवर उभा असल्यामुळे दूरध्वनीवरून वा पडद्यावरून देण्यास सोयीचा ठरतो.

अंतराची अडचण आणि दूरसेवा

२०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले. विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. परंतु नंदुरबार वा गडचिरोली जिल्ह्यातील शिक्षकास दर आठवड्यास मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडे जाणे परवडणारे नाही. शिवाय मनोविकारतज्ज्ञाच्या दारात कोणी पाहिले तर काय, हा संकोच अंतराहूनही मोठा असतो.

जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, केंद्र शासनाने 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते व मराठीसह २० भाषांतून भाषा निवडता येते. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था या सेवेची शिखर संस्था आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. आवश्यकता भासल्यास तो प्रकरण मनोविकारतज्ज्ञाकडे अथवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे सोपवितो. सर्व प्रकरणांत येथेच दीर्घ उपचार होतील असे नाही. परंतु पुढे कोठे जावे हे ठाऊक नसणाऱ्यास पहिले पाऊल टाकण्यासाठी यासारखे ठिकाण नाही.

तज्ज्ञाची पारख

खाजगी रीतीने घरबसल्या उपचार घेऊ इच्छिणाऱ्याने पाटी न पाहता पात्रता पाहावी. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून त्याने मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. तो औषधे देऊ शकतो आणि त्याची नोंद वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय चाचण्या व संभाषणाद्वारे उपचार करतो, औषधे देत नाही. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते. समुपदेशकांमध्ये अनेक जण मानसशास्त्र वा समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात. परंतु 'समुपदेशक' ही केवळ पाटी पात्रतेचा पुरावा नव्हे. पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रशिक्षण कोणत्या उपचारपद्धतीचे आणि अनुभव किती वर्षांचा, हे विचारण्यात कोणताही अविनय नाही.

केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी प्रसृत केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक औषधचिठ्ठीवर देणे बंधनकारक आहे. काही औषधे दूरसल्ल्याने देण्यास मनाई आहे. म्हणून एखादे औषध देण्यापूर्वी डॉक्टरने समक्ष येण्यास सांगितले, तर ती टाळाटाळ समजू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला असून त्याने मानसिक आजाराच्या रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

ठराविक दिवसांत खात्रीने बरे करण्याची हमी देणारा, अनेक महिन्यांचे शुल्क आगाऊ मागणारा, नोंदणी क्रमांक सांगण्यास टाळणारा, डॉक्टर नसताना गोळ्या सुचविणारा वा रुग्णाशी वैयक्तिक सलगी वाढविणारा मनुष्य तज्ज्ञ नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. आपोआप उत्तरे देणारी संगणकीय संवादसाधनेही नोंदणीकृत तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाहीत.

पहिल्या भेटीपासून पुढे

पहिल्या संभाषणात चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात : उपचाराची पद्धत कोणती, प्रत्येक बैठकीचा कालावधी व शुल्क किती, माहितीची नोंद कोठे व किती सुरक्षित राहील, आणि संपर्क तुटल्यास वा प्रकृती एकाएकी बिघडल्यास काय करावयाचे. बैठक बहुधा पाऊण तासाची असते. ती दार बंद करता येईल अशा खोलीत व कानयंत्र लावून घ्यावी. घरात एकांत नसल्यास शाळा सुटल्यानंतरचा रिकामा वर्ग किंवा शेतावरील निवांत जागाही चालते. मात्र तेथे संपर्क टिकतो की नाही हे आधी पाहावे.

नियंत्रणाचा हट्ट असलेली व्यक्ती उपचारावरही नियंत्रण ठेवू पाहते. ती निकालाची तारीख मागते, समुपदेशकाचे म्हणणे खोडून काढते आणि दोन बैठकांनंतर दुसरा तज्ज्ञ शोधू लागते. ही गोष्ट समुपदेशकाला उघडपणे सांगितल्यास तीच उपचाराची सुरुवात ठरते. पद्धत अथवा तज्ज्ञ खरोखर न जुळल्यास बदल अवश्य करावा. पण काही बैठकांची संधी दिल्यानंतर आणि कारण मनाशी निश्चित करूनच.

गृहपाठ साधा असतो. उदाहरणार्थ, मुख्याध्यापकांनी एक आठवडा एका वर्गाचा हजेरीपट तपासावयाचा नाही. आठवड्याच्या आरंभी 'काय बिघडेल' याची भीती कागदावर लिहावयाची आणि शेवटी प्रत्यक्षात काय झाले ते तिच्यासमोर मांडावयाचे. अनेकदा असे आढळते की, चुका झाल्या तरी त्या किरकोळ व दुरुस्त करता येण्याजोग्या होत्या आणि वर्गशिक्षकाने जबाबदारी अधिक मनापासून घेतली. पहिले दोन दिवस अस्वस्थता वाढते, हे अपेक्षितच असते. ती सोसली असता ओसरते, हा अनुभव कोणत्याही उपदेशाहून प्रभावी ठरतो.

मर्यादा ओळखणे आवश्यक

प्रत्येक नियंत्रण हा आजार नसतो. काही वेळा तो अन्याय असतो. पत्नीचे वेतन काढून घेणे, तिच्या माहेरी जाण्यावर बंदी घालणे, दूरध्वनीवर पाळत ठेवणे वा धमक्या देणे यांस स्वभावदोष म्हणून पांघरूण घालता येणार नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये मानसिक व आर्थिक छळाचाही समावेश आहे. अशा प्रसंगी पती-पत्नींना एकत्र बसवून समेटाचा आग्रह धरण्यापूर्वी स्त्रीची सुरक्षितता पाहावी. घरात तिचे बोलणे कोणी ऐकत असल्यास दूरध्वनीवरील समुपदेशनच तिला धोक्याचे ठरू शकते. संरक्षण अधिकारी व महिलांसाठीचा १८१ हा साहाय्य क्रमांक यांची माहिती पंचायत सदस्यांनी अशा वेळी द्यावी.

तसेच आत्महत्येचे विचार, हिंसेचा धोका वा भ्रमिष्टपणा दिसून आल्यास पुढील आठवड्याच्या बैठकीची वाट न पाहता रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. त्या काळात रुग्णास एकटे सोडू नये.

पहिली जबाबदारी कोणाची?

ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक ठळक लिहिण्यास कोणताही निधी लागत नाही. शिक्षकांच्या बैठकीत व ग्रामसभेत या सेवेचा दोन मिनिटे उल्लेख करण्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. परंतु फलकावरील क्रमांकापेक्षा वडीलधाऱ्यांचे उदाहरण लोक अधिक मानतात. मधुमेहासाठी डॉक्टरांकडे जातो, त्याच सहजतेने मनासाठीही सल्ला घेतला, असे सरपंचांनी वा मुख्याध्यापकांनी चारचौघांत सांगितले, तर संकोचाची भिंत निम्मी खचते.

विकेंद्रीकरण हा पंचायत राज्याचा पाया आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या अधिकार खाली सोपविल्याने कारभार दुबळा न होता बळकट होतो या विश्वासावर. हाच विश्वास माणसाने स्वतःच्या कचेरीत, शाळेत व घरात बाळगावयाचा असतो. ज्यास तो एकट्याने जमत नाही, त्याने मदत मागण्यात कमीपणा मानू नये. हातातील प्रत्येक दोरी घट्ट आवळून धरणारा हात अखेरीस स्वतःच काचतो. तो सैल करण्यास शिकविणारे माणूस आता एका दूरध्वनीच्या अंतरावर आहे.