शिक्षण आणि उपजीविका – लेखांक सहावा : सवेतन सत्र आणि बारडोलीचा हंगाम

गेल्या लेखांकात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा विचार करताना आपण असे पाहिले की, १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात श्रम हा शिक्षणाचा खर्च भागविण्याचा मार्ग होता. विद्यार्थी आपल्या राबण्याने वसतिगृहातील भाकरी आणि वर्गातील जागा मिळवीत असे, परंतु तो शेतात जे करी आणि वर्गात जे वाची त्यांचा परस्परांशी संबंध असलाच पाहिजे, असा त्या योजनेचा आग्रह नव्हता. या आठवड्यात जिचा विचार करावयाचा ती व्यवस्था याहून भिन्न आहे. पदवीच्या अभ्यासक्रमातील एक किंवा अधिक सत्रे विद्यार्थ्याने कारखान्यात, बँकेत, रुग्णालयात वा कचेरीत प्रत्यक्ष कामावर काढावयाची. ते काम त्याच्या विषयातीलच असावयाचे. त्याचा मोबदला मालकाने रोख द्यावयाचा. आणि त्या कामाची नोंद विद्यापीठाने आपल्या दप्तरी श्रेयांकांच्या रूपाने घ्यावयाची, अशी ही त्रिपक्षीय योजना आहे. तिच्या या अंगांपैकी मोबदल्याचे अंग गौण मानण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे माझे मत असल्यामुळे मुख्यतः त्याचाच ऊहापोह येथे करीत आहे.

विवेचनासाठी बारडोली निवडण्यास कारण आहे. हे नाव मराठी वाचकाला १९२८ च्या सत्याग्रहामुळे आणि वल्लभभाईंना तेथे मिळालेल्या ‘सरदार’ या उपाधीमुळे परिचित आहे. पण त्या लढ्याच्या मुळाशी जो वाद होता, तो शिक्षणाचा विचार करणाऱ्यानेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तालुक्याच्या फेरजमाबंदीचे काम सुरतेचे डेप्युटी कलेक्टर जयकर यांच्याकडे होते. त्यांनी सारा सुमारे तीस टक्क्यांनी वाढवावा अशी शिफारस केली, सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी खंडाच्या आकड्यांवर भिस्त ठेवून एकोणतीस टक्क्यांचा हिशेब मांडला, आणि मुंबई सरकारने अखेरीस बावीस टक्क्यांच्या आसपास वाढ मंजूर केली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, हे खंडाचे आकडे कागदावरून उतरविलेले आहेत, गावोगाव फिरून आणि प्रत्येक व्यवहाराची छाननी करून ते घेतलेले नाहीत. तडजोडीनंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन अधिकारी चौकशीसाठी नेमले गेले. त्यांनी गावांत जाऊन खंडाचे व्यवहार तपासले, आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच न्याय्य ठरते असा निर्वाळा दिला. आधीच्या अंमलदारांना गणित येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. उणीव होती ती आकडा जेथे जन्मतो त्या जागी उभे राहून तो पारखण्याच्या सवयीची, आणि ही सवय पुस्तकाने लागत नाही, तशीच एका दिवसाच्या ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’नेही लागत नाही.

त्याच बारडोलीलगत, बाबेन येथे, १९५५ साली स्थापन झालेला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना आहे, ज्याची गणना आशिया खंडातील मोठ्या सहकारी साखर कारखान्यांत होते. आणि बारडोली–महुवा रस्त्यावर २०११ साली स्थापन झालेले उका तरसाडिया विद्यापीठ आहे, जेथे अभियांत्रिकी, औषधनिर्माण, संगणक, वाणिज्य असे विषय शिकविले जातात. कारखाना आणि विद्यापीठ इतक्या जवळ नांदत असताना, एकाच्या हंगामाचे दुसऱ्याच्या वेळापत्रकाशी नाते कसे जोडावे हा प्रश्न तेथे जितक्या स्पष्टपणे पुढे येतो तितका मोठ्या शहरांच्या गर्दीत येत नाही.

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात झाला. हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ साली अवघे सत्तावीस विद्यार्थी घेऊन तिचा प्रारंभ केला. एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात अशी पाळी लावून, आणि विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडून, त्याने असा बंदोबस्त केला की, एक जण व्याख्यान ऐकत असता त्याचा जोडीदार यंत्रावर उभा असावा आणि मालकाची जागा एकही दिवस रिकामी राहू नये. श्नायडरची खरी प्रतिभा मला या जोडीच्या कल्पनेत दिसते. मालकाला शिक्षणाविषयी कळवळा असेलच असे गृहीत न धरता त्याने मालकाची अडचण प्रथम सोडविली, आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याला खरे काम व खरा पगार मिळवून दिला. पुढे १९५७ साली कॅनडात वॉटरलू विद्यापीठाचा प्रारंभच या पद्धतीने झाला. तेथे चार महिन्यांची सत्रे आलटूनपालटून येतात, आणि आज या प्रकारच्या शिक्षणाचे सर्वांत मोठे केंद्र म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आपल्याकडे पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ साली ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

कायद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था आपण समजतो तितकी निराधार नाही. शिकाऊ उमेदवारांचा अधिनियम १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ साली नियमांत जो बदल झाला त्यात पदवीधर उमेदवाराला दरमहा किमान ९,००० रुपये, आणि पदवी संस्थेत शिकत असतानाच सँडविच पद्धतीने कामावर येणाऱ्या विद्यार्थ्याला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. तीस किंवा अधिक माणसे कामावर असणाऱ्या आस्थापनेवर आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी पदवीच्या एकूण श्रेयांकांपैकी किमान वीस टक्के श्रेयांक अशा कामाला देण्याचा मार्ग मोकळा केला. राष्ट्रीय योजनेच्या पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईस आहे, आणि गुजरातही त्याच्याच कक्षेत येतो; द्वैभाषिक राज्य १९६० साली संपले, तरी बारडोलीच्या पदवीधराच्या उमेदवारीचा कारभार अद्याप मुंबईशी जोडलेला आहे, ही गोष्ट इतिहासाची आवड असलेल्या वाचकास सुखावून जाईल.

मात्र याच कायद्याने शिकाऊ उमेदवाराला ‘कामगार’ मानलेले नाही. कारखान्यांतील आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांविषयीच्या कायद्याच्या तरतुदी त्याला लागू होतात, कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारीही मालकावर येते. परंतु मजुरीविषयक बहुतेक कायदे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे विद्यावेतनाची रक्कम, ती मिळण्याची तारीख आणि करारावरील सही हेच त्याचे मुख्य संरक्षण. ज्या विद्यार्थ्याला विनावेतन ‘इंटर्नशिप’वर पाठविले जाते, त्याच्याजवळ एवढेही उरत नाही.

आता गाळपाच्या दिवसांतील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत क्षणभर उभे राहू. गव्हाणीतून गेलेला ऊस मिलच्या लाटांखाली पिळला जातो, आणि मिश्ररसाचा नमुना ठराविक वेळाने प्रयोगशाळेत येतो. रसातील विद्राव्य घनपदार्थांचे प्रमाण, ज्याला कारखान्यात ‘ब्रिक्स’ म्हणतात, ते एका उपकरणाने मोजले जाते. मग रसात शिशाचे क्षार घालून, तो गाळून, पोलॅरिमीटरच्या नळीतून पाहून त्यातील शर्करेचा ‘पोल’ काढतात. आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता कळते. बगॅसमध्ये किती साखर शिल्लक राहिली, मळीतून किती गेली, याचेही हिशेब याच टेबलावर होतात, आणि त्या सर्वांमधून उताऱ्याचा आकडा सिद्ध होतो. केंद्र सरकारचा उसाचा रास्त आणि किफायतशीर दर याच उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे, नमुन्याच्या बाटलीवर चुकीची वेळ लिहिली गेली, किंवा नळी नीट न धुता दुसरा नमुना भरला गेला, तर ती चूक सभासद शेतकऱ्याच्या पैशापर्यंत जाऊन भिडू शकते.

रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला हे सारे महाविद्यालयातील प्रयोगशाळेत दाखविता येते. पोलॅरिमीटर तेथेही असतो. पण तेथील द्रावण शिक्षकाने तयार केलेले असते आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. कारखान्यातील नमुन्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, आणि ते पहाटेच्या पाळीत, डोळ्यांवर झोप असताना, ठरल्या वेळी द्यावे लागते. येथेच वेतनाचा मुद्दा येतो. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला चीफ केमिस्ट सौजन्याने सगळे दाखवील, कदाचित एखादा नमुना तपासूही देईल, परंतु तिचा आकडा नोंदवहीत उतरविणार नाही. त्यासाठी तो आपला माणूस पुन्हा तपासायला बसवील. हजेरीपटावर जिचे नाव आहे आणि जिच्या विद्यावेतनाचा खर्च कारखान्याच्या हिशेबात पडतो, तिच्याकडून मात्र तो काम मागेल, आणि मागण्याचा अधिकार असल्यामुळे तिला नीट शिकवीलही. वेतन देणाऱ्याला शिकविण्यात स्वार्थ उत्पन्न होतो. हा स्वार्थ निर्माण केल्याशिवाय केवळ सद्भावनेवर विसंबून कोणतीही योजना दहा वर्षे टिकल्याचे मी पाहिलेले नाही.

हंगामाची अडचण खरी आहे. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते आणि साधारण एप्रिलपर्यंत चालते, तर विद्यापीठाची सत्रे जूनपासून मोजली जातात. ऐन गाळपाच्या महिन्यांत परीक्षा येऊन पडतात. यावर श्नायडरची जोडीच लागू पडेल असे मला वाटते, फक्त आठवड्याच्या ऐवजी सत्राची पाळी धरून. रसायनशास्त्राच्या वा औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्याने डिसेंबर ते एप्रिल कामावर राहावे आणि आपले वर्ग जूनच्या सत्रात भरून काढावे. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने उलट जूनमध्ये जावे. गाळप बंद झालेला कारखाना पाहून पुष्कळ प्राध्यापक तो शिकण्यास निरुपयोगी समजतात, आणि हा त्यांचा भ्रम आहे. मिलच्या लाटा उतरविणे, त्यांच्या झिजलेल्या खाचा पुन्हा कातून घेणे, बाष्पीभवन पात्रांच्या नळ्यांत बसलेले कीट काढणे, बॉयलरच्या तपासणीची तयारी करणे, ही कामे बिगरहंगामातच चालतात. यंत्र चालू असताना त्याचे केवळ कवच दिसते, उघडल्यावर अंतरंग दिसते. तरुण अभियंत्याला एक सत्रच द्यावयाचे असेल तर मी नि:संशय दुरुस्तीचे देईन.

वेतनाचे दुसरे कारण गरिबी हे आहे. ताप्ती खोऱ्याची रेल्वे सुरतेहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी खानदेशात उतरते. या मार्गाने सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत वसलेल्या खानदेशी कुटुंबांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि त्यांची मुले आता दक्षिण गुजरातेतील महाविद्यालयांत शिकत आहेत. वडील यंत्रमागावर असलेल्या अशा मुलाला सहा महिने विनामूल्य काम करण्यास सांगणे म्हणजे सहा महिन्यांची खोली, खानावळ आणि प्रवास त्याने घरून आणावा असे सांगणे होय. तो आणू शकत नाही. मग जवळच्या ओळखीच्या दुकानातून शिक्क्यासह दाखला मिळवितो आणि अहवाल कोणाचा तरी उतरवून देतो. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी विद्यापीठाने आपली योजना तपासावी. विनावेतन अनुभव ज्याला परवडतो त्याच्याकडेच अनुभव जमा होत जातो, आणि पुढे नोकरी देताना तोच अनुभव पात्रता म्हणून मागितला जातो, हा अन्याय आपल्या डोळ्यांदेखत रूढ होत आहे.

वेतन किती याइतकेच ते कोणाच्या हातून मिळते हेही महत्त्वाचे आहे, आणि हा धडा बारडोलीच्या उसाच्या फडांत घेता येतो. हंगामात डांग, तापी आणि खानदेशातून येणारे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन येतात, आणि हंगामभर ती उचल फेडतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात याच भागात राहून त्या व्यवहाराचा अभ्यास केला आणि त्याकडे देशाचे लक्ष वेधले. ज्याच्या घामाचे पैसे मधल्या माणसाच्या हिशेबातून येतात, त्याला आपला हिशेब मागता येत नाही. विद्यार्थ्याची तुलना त्या मजुराच्या हालांशी करण्याचे धाडस मी करणार नाही; परंतु काही ठिकाणी विद्यार्थ्यांना कामावर पुरविणाऱ्या मध्यस्थ संस्था विद्यावेतन आपल्या खात्यातून फिरवितात, आणि ‘व्यवस्थापन खर्च’ म्हणून त्यातील काही भाग ठेवून घेतात, हे ऐकल्यावर मुकादमीची आठवण होणे अपरिहार्य आहे. राष्ट्रीय योजनेतील सरकारचा हिस्सा आता थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली आहे, ती सर्वस्वी योग्य आहे. मालकाचा हिस्साही त्याच मार्गाने जावा, आणि महाविद्यालयानेही त्यातून शुल्क कापू नये. शिवाय, साखर कारखान्यात सत्र काढणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेइतकाच वेळ नसला तरी काही दिवस फडात आणि काट्यावर काढावे, असे करारातच लिहिलेले असावे. ज्या उसाचा ब्रिक्स तो मोजतो, तो कोणी, कोणत्या दराने तोडला हे त्याला ठाऊक नसेल, तर त्याचे शिक्षण अपुरे आहे.

एक शंका नेहमी घेतली जाते: मालकाला सरकारच्या पैशाने स्वस्त मजूर मिळतील आणि कायम नोकऱ्या कमी होतील. शंका निराधार नाही. एकाच जागेवर वर्षानुवर्षे शिकाऊ उमेदवार बदलत राहिले आणि ती जागा कधीच भरली गेली नाही, तर ते शिक्षण नव्हे, भरती चुकविण्याची सोय होय. यावर उपाय विद्यापीठाच्या हाती आहे, आणि तो म्हणजे पाहणी. सत्रातून किमान दोनदा प्राध्यापकाने कामाच्या जागी जावे, विद्यार्थी काल काय करीत होता आणि आज काय करीत आहे हे विचारावे, आणि सहा महिने एकच नोंद उतरविण्याचे काम चालले असेल तर त्या आस्थापनेकडे पुढील तुकडी पाठवू नये. सहकारी कारखान्यात ही पाहणी अधिक सुलभ ठरावी, कारण तेथे सभासद शेतकरी हा मालक आहे आणि पुष्कळदा विद्यार्थ्याचा पालकही. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या भावावर जसा प्रश्न विचारला जातो, तसा ‘या वर्षी किती विद्यार्थी घेतले, त्यांना काय शिकविले आणि किती दिले’ हा प्रश्न विचारण्याचा त्याला पुरेपूर अधिकार आहे. गुणांकनात केमिस्टचा अभिप्राय आणि प्राध्यापकाचा अभिप्राय भिन्न आल्यास विद्यार्थ्याला लेखी दाद मागता आली पाहिजे, आणि तिचा निकाल सत्र संपण्याच्या आत लागला पाहिजे. पिलानीने ही अडचण आपले प्राध्यापक कामाच्या जागीच पाठवून कशी सोडविली, ते पुढील लेखांकात पाहू.