कपडे धुण्याच्या जुन्या यंत्रांतील हीटर व त्याची घरगुती दुरुस्ती

शेतकीच्या मासिकांत कपडे धुण्याच्या यंत्राचें काय काम, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. परंतु हें यंत्र आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं आलेलें आहे. त्यास पाणी विहिरीचें अथवा बोअरचें मिळतें, आणि वीज गांवची. त्याचा हीटर बिघडण्यास हीं दोन कारणें पुष्कळदां पुरेशीं होतात. यास्तव हा भाग कसा चालतो, कां बिघडतो व घरीं त्याची दुरुस्ती कितपत करावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष एका प्रसंगानें गेलें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मशीनला ओला हात लागला कीं मुंग्या येतात." आम्हीं प्रथम तें मनावर घेतलें नाहीं. पुढें पाहतों तों हीटरच्या नळीस चीर पडलेली, आणि भिंतींतील सॉकेटच्या तिसऱ्या भोकास अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती! थोडक्यांत निभावलें. तेव्हां मुंग्या येणें ही यंत्राची खोड नव्हे, तो इशारा होय; त्या क्षणीं यंत्र बंद करावें.

समोरून दार असलेल्या बहुतेक यंत्रांत ड्रमच्या खालीं हीटर असतो. त्याच्या धातूच्या नळींत नायक्रोमची गुंडाळी असून भोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. पूड उष्णता बाहेर जाऊं देते, वीज जाऊं देत नाहीं. कठीण पाणी तापलें म्हणजे त्यांतील क्षार नळीवर पांढऱ्या थराच्या रूपानें बसतात. पाणी तापविण्याच्या हंड्याच्या तळाशीं बसतात तसेच. थर वाढला कीं उष्णता पाण्यांत उतरत नाहीं, गुंडाळी अतिशय तापते व तुटते. अथवा नळीस चीर पडून पूड ओली होते आणि वीज यंत्राच्या अंगांत उतरूं लागते.

प्रत्येक वेळीं दोष हीटरचाच असतो असें मात्र नाहीं. २३० व्होल्टचा २००० वॉटचा हीटर १८० व्होल्टवर सुमारें १२२५ वॉटच काम देतो. १२ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास पूर्ण दाबावर सुमारें १५ मिनिटें पुरतात. कमी दाबावर तेंच काम सुमारें २४ मिनिटें घेतें. म्हणून संध्याकाळीं पाणी तापण्यास उशीर लागतो अशी तक्रार असल्यास आधीं विजेचा दाब पाहावा.

मोजणीवांचून हद्द ठरवूं नये, तसा मापावांचून भाग बदलूं नये. प्रथम प्लग सॉकेटांतून काढावा. नुसतें बटण बंद करणें पुरेसें नाहीं. नळ बंद करून खालच्या गाळणींतून पाणी काढून टाकावें. कांहीं यंत्रांत हीटर मागील पत्र्याआड असतो, कांहींत पुढील बाजूस. तारांचें छायाचित्र मोबाईलनें घेऊन मगच त्या सोडवाव्या.

आतां मल्टीमीटर ओहमवर ठेवून हीटरच्या दोन टोंकांमधील रोध मोजावा. २००० वॉटच्या हीटरचा रोध सुमारें २६ ओहम भरतो. (व्होल्टचा वर्ग करून वॉटनें भागावें, म्हणजे कोणत्याहि हीटरचा आंकडा निघतो.) मीटर कांहींच न दाखवील तर गुंडाळी तुटली. नंतर सर्वांत वरच्या मापावर एकेक टोंक व धातूची नळी यांमध्यें मोजावें. येथें मीटरनें कांहींहि दाखवितां कामा नये. आंकडा आला तर हीटर टाकून द्यावा. मुंग्या येत असून आंकडा न आल्यास तारतंत्र्याकडून मेगरनें तपासून घ्यावें. साध्या मीटरास बारीक गळती सांपडत नाहीं.

हीटरमध्येंच बहुधा उष्णता ओळखणारा लहान सेन्सर बसविलेला असतो. तो काढून त्याचें टोंक कोमट पाण्यांत धरावें. रोध हळूहळू उतरला पाहिजे. हीटर व सेन्सर दोन्ही चांगले असून पाणी थंडच राहील, तर दोष तारांत किंवा नियंत्रक पट्टींत असूं शकतो. ती पट्टी आपण उघडूं नये.

हीटर काढतांना मधली चाकी पूर्ण काढूं नये. ती टोंकापर्यंत सैल करून बोल्ट हलकेच आंत ठोकावा, म्हणजे रबर ढिलें होतें व हीटर हालवीत सरळ बाहेर येतो. पोकळींतील क्षारांचे तुकडे काढावे. नवा हीटर त्याच लांबीचा, आकाराचा व वॉटचा घ्यावा. रबरास साबणाचें पाणी लावून तो बसवावा व त्याचें आंतील टोंक धारकपट्टींत अडकलें कीं नाहीं हें अवश्य पाहावें. तें सुटें राहिल्यास ड्रमला घांसतें. अर्थिंगची तार विसरूं नये. पाणी भरून, गळत नाहीं अशी खात्री करून, मगच यंत्र चालवावें.

पुढें दर दोन-तीन महिन्यांनीं रिकाम्या ड्रमांत सुमारें १०० ग्रॅम लिंबूसत घालून ६० अंशांवर यंत्र चालवावें व मागून साध्या पाण्यानें धुवावें. त्यांत ब्लीचिंग पावडर मुळींच मिसळूं नये. विषारी वायु निघतो.

शेवटचें व महत्त्वाचें. घरांत ३० मिलिॲम्पियरचा आर. सी. सी. बी. बसवावा, त्याचें चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें, आणि उन्हाळ्यांत काळी जमीन भेगाळते तेव्हां अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी ओतीत जावें. आपण मोटरपंपाच्या अर्थिंगची काळजी घेतों. घरांतील बायकामुलें ज्या यंत्रास दररोज ओला हात लावतात, त्याची काळजी त्याहून कमी असतां कामा नये, एवढीच वाचकांस विनंती आहे.