मार लागून काळवंडलेला दात : काही रूढ गैरसमज

सायकलवरून पडताना, क्रिकेटचा चेंडू लागून किंवा शाळेच्या जिन्यावर घसरून वरच्या पटाशीच्या दातावर बसलेला तडाखा त्या दिवशी सुजलेल्या ओठाच्या काळजीत विसरला जातो. परंतु काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही तोच दात करडा, तपकिरी किंवा निळसर काळा दिसू लागला, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी व शेजारीपाजारी त्याच्याविषयी परस्पर फैसले देऊन मोकळी होतात. दात किडला, दात मेला, आता तो काढण्यावाचून गत्यंतर नाही, ठेवला तर शेजारचेही नासतील, असे ते फैसले असतात. यांतील एकालाही पुरता आधार नाही, आणि तरीही त्यांच्यापायी मुळात भक्कम असलेले दात चिमट्याच्या स्वाधीन केले जातात, ही गोष्ट मला फार खेदाची वाटते.

कीड आणि हा रंग यांचा परस्परांशी संबंध नाही. कीड बाहेरून सुरू होते. तोंडातील जंतू साखरेपासून जे आम्ल निर्माण करतात, त्याने दाताचे कवच विरघळून खळगा पडतो. मार लागलेल्या दाताचे कवच मात्र बहुधा शाबूत असते, आणि डॉक्टरांनी त्यावरून सळई फिरवली तर ती कोठेही अडकत नाही. दाताच्या गाभ्यात मज्जा असते, तीत सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात, आणि आघाताने त्या वाहिन्या फुटल्या म्हणजे सांडलेले रक्त गाभ्याभोवतालच्या डेंटिनमधील असंख्य बारीक नलिकांत शिरते. पुढे तांबड्या पेशी फुटून त्यांतील लोहयुक्त द्रव्य सुटे होते, नासणाऱ्या ऊतींतील गंधकाशी त्याचा संयोग होतो, आणि त्या काळ्या संयुगाची छाया पारभासक कवचातून बाहेर दिसते. हा डाग शेजारच्या दाताला लागणे शक्य नाही. ‘दात मेला’ हे म्हणणेही अर्धेच खरे आहे. मेलेली असते ती मज्जा, दात नव्हे. दाताला जबड्याच्या हाडात धरून ठेवणारे तंतू जिवंत असतात, त्यांना रक्ताचा पुरवठा बाहेरून होतो, आणि त्यामुळे मज्जा गेलेला दात योग्य उपचार झाल्यास कित्येक दशके चाकरी बजावू शकतो.

याच्या नेमका उलट गैरसमज असा की, रंग बदलला म्हणजे रूट कॅनल केलेच पाहिजे. मार लागल्यानंतर थोड्याच काळात आलेली गुलाबी किंवा करडी झाक काही दातांत आपोआप निवळते. दात पिवळा पडत गेला असेल, तर आत नवे डेंटिन साचून गाभ्याची पोकळी बुजत चालली आहे असे समजावे, आणि अशा दातांपैकी बहुतेकांची मज्जा जिवंत असते. त्यांना विनाकारण पोखरणे हा अन्यायच होय. म्हणून केवळ रंग पाहून निर्णय देऊ नये; थंड औषधात भिजवलेला बोळा लावून संवेदना तपासावी, क्ष-किरण छायाचित्र घ्यावे, आणि काही महिन्यांनी दोन्हींची पुन्हा पडताळणी करावी, कारण आघातानंतर सुमारे तीन महिन्यांपर्यंत जिवंत मज्जाही पुष्कळदा प्रतिसाद देत नाही. सातआठ वर्षांच्या मुलाच्या नुकत्याच उगवलेल्या पटाशीच्या दाताच्या मुळाचे टोक अद्याप उघडे असते, व तेथे रक्तपुरवठा पुन्हा सुरू होण्याचा संभव असल्याने विशेष धीर धरावा लागतो. मात्र दुखत नाही म्हणून तपासणीच टाळणे हा धीर नव्हे. मज्जा मृत झाल्यावर वेदना थांबतात, पण मुळाच्या टोकाशी संसर्ग मुकाट्याने वाढत राहतो, आणि हिरडीवर वारंवार येऊन फुटणारी पुटकुळी हा त्याचा पुरावा होय.

आता घरगुती इलाजांकडे वळू. कोळसा, राखुंडी, मशेरी, लिंबू आणि मीठ, खाण्याचा सोडा, आणि अलीकडे दात शुभ्र करण्याची हमी देणाऱ्या टूथपेस्ट, या सर्वांचे कार्यक्षेत्र दाताचा पृष्ठभाग एवढेच आहे, आणि हा डाग तर डेंटिनच्या आत मुरलेला. कोळशाने कवच घासले जाते, लिंबाच्या आम्लाने ते झिजते, झिजलेले कवच पुन्हा येत नाही, आणि ते पातळ झाल्यावर खालचे पिवळसर डेंटिन अधिकच उठून दिसते. सर्व दातांना बाहेरून पेरॉक्साइड लावून उजळवण्याचा उपाय या रोग्यांच्या बाबतीत उलटतो: बाकीचे दात पांढरे होतात, आणि तो एक दात पूर्वीपेक्षा अधिक काळा भासू लागतो. पिवळ्या पडलेल्या जिवंत दाताला मात्र, केवळ त्याच्याचपुरते सौम्य कार्बामाइड पेरॉक्साइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाहेरून लावणे उपयुक्त ठरते.

मृत मज्जेच्या दाताचा डाग आत असल्यामुळे त्याचा इलाजही आतूनच करावा लागतो, आणि तो उपाय नवा नाही. १९६१ साली स्पासर यांनी सोडियम परबोरेट पाण्यात कालवून दाताच्या पोकळीत बंद करून ठेवण्याची रीत मांडली. १९६३ साली नटिंग आणि पो यांनी पाण्याऐवजी तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवले. रूट कॅनल नीट झालेले आहे याची क्ष-किरणाने खातरजमा केल्यावर डॉक्टर टाळूकडील बाजूने दात उघडतात, रूट कॅनलच्या वेळी मुळात भरलेला गट्टापर्चा हा भराव हिरडीच्या कडेखाली सुमारे २ मिलिमीटर उतरवतात, आणि त्यावर ग्लास आयनोमर सिमेंटचा तितकाच जाड थर देतात. त्यानंतर ओल्या वाळूसारखी कालवलेली परबोरेटची पूड पोकळीत दाबून बसवतात, कापसाच्या बोळ्याने जादा ओलावा टिपतात आणि वरून तात्पुरते सिमेंट लावतात. रोगी घरी जातो, आणि पुढील दिवसांत सुटणारा ऑक्सिजन रंगद्रव्याच्या मोठ्या रेणूंचे लहान, वर्णहीन तुकडे करीत राहतो. आठवड्या-दीड आठवड्याच्या अंतराने औषध बदलत दोन ते चार खेपांत बहुधा शेजारच्या दाताशी रंग जुळतो. हे औषध आम्ल नव्हे, आणि योग्य रीतीने वापरले असता त्याने दात विरघळत नाही. युरोपात परबोरेटवर निर्बंध आल्यापासून तेथे त्याऐवजी पेरॉक्साइडच वापरले जाते. शेवटची कंपोझिट भरणी मात्र लगेच करू नये. दातात उरलेला ऑक्सिजन तिची पकड कमकुवत करतो, म्हणून एकदोन आठवड्यांची मुदत द्यावी.

या उपायात धोका मुळीच नाही, असे म्हणणे हाही गैरसमजच होईल. १९७९ साली हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी अशा उपचारानंतर काही दातांचे मूळ हिरडीलगत बाहेरून झिजत गेल्याची नोंद केली. तीव्र पेरॉक्साइड, त्याला दिलेली उष्णता, आणि लहान वयात झालेला आघात यांचा या झिजेशी संबंध असल्याचे पुढे मानले गेले. उष्णतेचा वापर म्हणूनच त्याज्य ठरला, आणि वर सांगितलेला सिमेंटचा थर मुळाकडे औषध झिरपू नये यासाठी अनिवार्य झाला. जो दवाखाना त्यात हयगय करील, त्याच्याकडून हा उपचार करून घेऊ नये. उजळलेला रंगही कायमचा नसतो. काही वर्षांनी थोडी छाया परतू शकते, आणि तेव्हा उपचार पुन्हा करता येतो. जुन्या चांदीच्या भरणीमुळे आलेले डाग मात्र रक्ताच्या डागांइतके सहज जात नाहीत.

दुधाच्या दाताला यातले काही करू नये. संसर्गाची चिन्हे नसतील, तर तो दात कालांतराने आपोआप पडेपर्यंत त्यावर लक्ष ठेवणे पुरेसे असते. मात्र त्याच्या मुळाशी घडत असलेल्या कायमच्या दातालाही आघाताची इजा पोचू शकते, म्हणून दंतवैद्यांना एकदा अवश्य दाखवावे.

कॅप बसवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. दाताचा बराच भाग तुटला असेल तर कॅप योग्य; परंतु धड दाताचा केवळ रंग झाकण्यासाठी त्याला चहूबाजूंनी घासणे, किंवा तो काढून ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे निरोगी दात कापणे, हे आतून उजळवण्याचा प्रयत्न करून पाहण्यापूर्वी मंजूर करू नये. खाजगी खर्च न झेपणाऱ्यांनी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी, आणि दात काढण्याच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना स्वच्छ विचारावे की, मज्जेची तपासणी झाली आहे काय, आणि हा दात आतून उजळवता येईल काय.